क्रिएटिनिन नॉर्मल, मग लघवीतलं एन्झाइम कशाला तपासायचं?

गेल्या अंकात औषधांमुळे किडनीला होणाऱ्या इजेबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा पाऊसच पडला. बहुतेकांचा रोख एकच, लघवीच्या रिपोर्टमधे एनएजी (एन-ॲसिटिल ग्लुकोसॅमिनिडेज) नावाचं काहीतरी एन्झाइम आलंय, ते काय असतं आणि घाबरायचं की नाही. मी आयुष्यभर बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमधे लघवीची सॅम्पलंच तपासत आलोय, विषय फार जवळचा आहे, म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच देतो. फक्त एक, मी तुमचा पेशंट बघितलेला नाही, त्यामुळे औषध चालू ठेवायचं की बंद हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. इन्फेक्शनसाठी त्यांना अमिकासिनची इंजेक्शनं चालू आहेत, आज सहावा दिवस. क्रिएटिनिन रोज ०.९ येतंय, लघवीही भरपूर होतेय. तरी डॉक्टरांनी लघवीतलं एनएजी करायला सांगितलं, ते वाढलेलं आलं आणि त्यांनी दोन डोसमधलं अंतर वाढवलं. माझा भाऊ म्हणतो क्रिएटिनिन नॉर्मल असताना डॉक्टर उगाच घाबरवतायत. कोणाचं खरं मानायचं?

उत्तर : ताई, डॉक्टर उगाच घाबरवत नाहीयेत, आणि भाऊ ज्या क्रिएटिनिनबद्दल बोलतोय तो रिपोर्टही खोटा नाही. दोन टेस्ट दोन वेगळ्या गोष्टी मोजतात एवढंच. किडनीची गाळणी किती गाळतेय ते रक्तातल्या क्रिएटिनिनवरून कळतं, आणि गाळणीच्या पुढच्या नळीतल्या पेशींना मार बसतोय का ते एनएजीवरून.

किडनी दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळते आणि लघवी होते दीडेक लिटर, मग बाकीचं जातं कुठं, तर गाळणीच्या पुढे जी बारीक वेटोळी नळी असते ती मीठ, साखर, पाणी सगळं परत ओढून रक्तात टाकते, आणि या नळीच्या पहिल्या भागातल्या पेशी सगळ्यात जास्त राबणाऱ्या असतात. सगळं आत ओढून घ्यायची सवय असल्यामुळे विषारी औषधही त्याच आधी ओढून घेतात. अमिकासिन, जेंटामायसिन ही एकाच घरातली अँटिबायोटिक औषधं. या पेशींची नळीच्या पोकळीकडची कड ब्रशसारखी असते, तिच्यावर मेगालिन नावाचं एक प्रोटीन असतं, ते या औषधाला पकडतं आणि पेशीत खेचतं, तिथून औषध जातं लायसोसोममधे, म्हणजे पेशीतला नको त्या गोष्टी पचवणारा जो पिशवीसारखा भाग असतो ना त्याच्यात, आणि तिथंच साठत राहतं. रक्तातलं औषध उतरलं तरी तिथलं लगेच उतरत नाही, रोजच्या डोसबरोबर वाढत जातं, आणि पिशवी फुगून फुगून शेवटी फुटायला लागते.

आता गंमत बघा, एनएजी हे एन्झाइम राहतं त्याच पिशवीत! म्हणजे औषध जिथं साठतं आणि जिथं पहिलं नुकसान होतं, बातमी निघते ती नेमकी तिथूनच. आणि ही बातमी खात्रीची का, तर एनएजीचा रेणू मोठा असतो, वजन सव्वा लाख डाल्टनच्या (रेणूचं वजन मोजायचं माप) वर, आणि चांगली गाळणी ६६ हजाराच्या अल्ब्युमिनलासुद्धा फारसं सोडत नाही, मग रक्तातलं एनएजी लघवीत यायचं कुठून. लघवीत सापडलं ते नळीच्या पेशींमधूनच आलेलं, असं एरवी धरून चालता येतं. थोडंसं तर निरोगी माणसाच्या लघवीतही असतं, पेशी ते रोजच बाहेर टाकत असतात. पेशी दुखावली की ते वाढतं.

मग क्रिएटिनिन गप्प का? एक तर किडनीकडे राखीव ताकद एवढी असते की जवळजवळ निम्मं काम बंद पडेपर्यंत आकडा नॉर्मलच्या रेघेत राहू शकतो. दुसरं, क्रिएटिनिन बनतं स्नायूंमधे आणि ७१ व्या वर्षी, त्यात आजारपणात, स्नायू झिजलेले असतात, म्हणून तुमच्या वडिलांचं ०.९ आणि एखाद्या धडधाकट तरुणाचं ०.९ हे कागदावर सारखं दिसलं तरी सारखं नसतं. तिसरं म्हणजे गाळणी आज मंदावली तरी क्रिएटिनिन रक्तात साठून आकडा चढायला दिवस-दोन दिवस जातात. या औषधांत क्रिएटिनिन बहुतेक पाच-सात दिवसांनंतर चढायला लागतं, कधीकधी तर औषध बंद केल्यावर. आणि लघवी भरपूर होतेय याचा दिलासा इथं धरू नका, या प्रकारच्या इजेत लघवी सहसा कमी होतच नाही, हे मी मुद्दाम सांगतोय कारण घरची माणसं हमखास त्यावरच विसंबतात.

पण भावाच्या बाजूचंही बोलतो. एनएजी वाढलं म्हणजे किडनी गेली असं अजिबात नाही. या औषधांवर असलेल्या बऱ्याच पेशंटचं एन्झाइम पहिल्या काही दिवसांत थोडंफार वाढतंच आणि त्यातल्या थोड्यांचंच प्रकरण पुढं क्रिएटिनिन चढण्यापर्यंत जातं. इन्फेक्शन अर्धवट सोडलं तर तेही किडनीला आणि जिवालाही महागात पडतं. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी औषध बंद न करता अंतर वाढवलं ते मला पटलं. मेगालिनची औषध ओढायची ताकद एका मर्यादेपर्यंतच असते, एकदम मोठा डोस दिला तरी ते ठराविकच ओढतं, मग मधला मोकळा वेळ जितका जास्त तितकं पेशीत साठणं कमी.

तुम्ही डॉक्टरांना एवढं जरूर विचारा की औषध सुरू करायच्या आधीचं एनएजी केलं होतं का, पुढच्या डोसआधी रक्तातली औषधाची पातळी बघतायत का, आणि सोबत व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक, लघवी जास्त होण्याची गोळी किंवा पेनकिलर यातलं काही चालू आहे का. वडिलांच्या पोटात पाणी नीट जातंय ना तेही बघा, अंगातलं पाणी कमी झालं की हेच औषध जास्त नडतं. या नळीच्या पेशी परत उगवतात ही मोठी जमेची बाजू, वेळेत लक्षात आलं तर बहुतेकदा काही आठवड्यांत भरून येतं.

प्रश्न : मी लॅब टेक्निशियन आहे. एकाच पेशंटची सकाळची आणि संध्याकाळची एनएजी व्हॅल्यू वेगळी येते, आणि फ्रीझरमधे ठेवलेल्या सॅम्पलमधे जीजीटी तर जवळजवळ गायबच होतो. मशीनमधे दोष आहे का?

उत्तर : मशीनला दोष देऊ नकोस मित्रा, नव्वद टक्के भानगडी सॅम्पल मशीनपर्यंत पोचायच्या आधीच झालेल्या असतात असं माझं तर ठाम मत आहे. तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं कारण या टेस्टबद्दल सगळे बोलतात पण सॅम्पलबद्दल कोणी विचारतच नाही.

जीजीटी, अल्कलाइन फॉस्फटेज, अलॅनिन अमिनोपेप्टिडेज ही एन्झाइमं नळीच्या पेशीच्या त्या ब्रशसारख्या कडेवर बसलेली असतात, त्यांना गोठवणं सोसत नाही. उणे २० ला ठेवून परत वितळवलं की त्यांची ताकद बरीच जाते. एनएजी त्यामानाने चिवट आहे. त्यामुळे जीजीटी करायचा असेल तर सॅम्पल चार डिग्रीला ठेवायचं आणि त्याच दिवशी लावायचं, उद्यावर ढकलायचं नाही. शिवाय लघवीत युरिया आणि इतर बारीकसारीक रेणू असतात जे या कडेवरच्या एन्झाइमांना दाबून ठेवतात, म्हणून सॅम्पल पातळ करून किंवा जेल फिल्ट्रेशनमधून, म्हणजे बारीक रेणू वेगळे करणाऱ्या जेलमधून, काढून मग मोजायचं, नाहीतर खरं जास्त असूनही कमी दिसतं. एनएजीचा वैरी वेगळा, तो म्हणजे अल्कलाइन लघवी. पीएच ८ च्या वर गेलेल्या सॅम्पलमधलं एनएजी मरत जातं, आणि लघवी उघडी, गरम जागी राहिली की बॅक्टेरिया युरिया फोडून पीएच चढवतातच. सॅम्पल आलं की आधी पीएच बघायची सवय लाव.

सकाळ-संध्याकाळचं म्हणशील तर एन्झाइम दिवसभर एका गतीने बाहेर पडतच नाही, आणि लघवी कधी घट्ट कधी पातळ. म्हणून व्हॅल्यू नुसती लिटरमागे न देता लघवीतल्या क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे द्यायची, आणि पेशंटला रोज एकाच वेळेचं सॅम्पल द्यायला सांगायचं. सकाळची दुसरी लघवी सगळ्यात बरी, पहिली रात्रभर मूत्राशयात पडून असते. पण क्रिएटिनिनने भागण्यातही एक खोच आहे. किडनीचं काम झपाट्याने बिघडत असलं की लघवीत पडणारं क्रिएटिनिनच घटतं, मग भागाकार फुगतो आणि एन्झाइम आहे त्यापेक्षा जास्त वाढल्यासारखं वाटतं. असा पेशंट असेल तर मी डॉक्टरांना फोन करून दोन्ही आकडे सुटे सांगायचो.

एक अनुभव सांगतो. एका तरुण पेशंटचं एनएजी इतकं वर आलं की रिपोर्टवर सही करायला हात होईना, कारण बाकी सगळं चांगलं होतं, औषधही कुठलं चालू नव्हतं. एनएजी मोजायच्या एमसीपी (मेटाक्रेसॉल पर्पल) पद्धतीत ट्यूबमधे जांभळा रंग येतो, एनएजी जितकं जास्त तितका गडद, आणि ही ट्यूब तर जांभळाच्या सालीसारखी काळपट झाली होती. सॅम्पल सेंट्रिफ्यूजमधे फिरवून तळाचा गाळ मायक्रोस्कोपखाली घेतला तर स्लाइडवर शुक्रजंतू. वीर्यात एनएजी भरपूर असतं, त्याचा थोडा अंश जरी लघवीत आला तरी आकडा वाया. दोन दिवसांनी परत सॅम्पल मागवलं, अगदी नॉर्मल. तेव्हापासून आकडा पेशंटशी जुळत नसेल तर गाळ बघितल्याशिवाय मी रिपोर्ट सोडला नाही. पाळीतलं सॅम्पल, लघवीचं इन्फेक्शन, रक्त पडत असणं, हे सगळं विचारून घे आणि फॉर्मवर लिहून ठेव.

प्रश्न : गुडघ्यासाठी मी जवळजवळ रोज पेनकिलर घेते. लघवीतलं एन्झाइम नॉर्मल आलं, म्हणजे गोळी चालू ठेवायला हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे काकू. तुमची गोळी किडनीला त्रास देते तो बहुतेकदा पेशी फोडून नाही, तर गाळणीकडे येणारी रक्ताची नळी आवळून. पेशी शाबूत म्हणून एन्झाइम नॉर्मल, पण रक्त कमी येतंय म्हणून गाळणं कमी. तुमच्या बाबतीत क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि बीपीच बघायला हवं, आणि बीपीची किंवा लघवीची गोळी सोबत चालू असेल तर ते डॉक्टरांना आजच सांगा.

प्रश्न : मी निकेल-कॅडमियम बॅटरीच्या कारखान्यात बारा वर्षं काम करतो. तपासणीत लघवीतलं कॅडमियम, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि एनएजी करतात. मला काहीच त्रास नाही, तरी एनएजी थोडं वाढलंय. त्रास नसताना याला काय अर्थ आहे?

उत्तर : दादा, त्रास सुरू व्हायच्या आधी कळावं म्हणूनच तर ही तपासणी असते. कॅडमियम एकदा अंगात गेलं की लवकर निघत नाही, किडनीत ते १० ते ३० वर्षं मुक्काम करतं आणि साठतं त्या नळीच्या पेशींमधेच. जपानमधे तोयामा भागात जिंझू नदीच्या पाण्यात खाणीतलं कॅडमियम मिसळत होतं, तेच पाणी भातशेतीला जायचं, आणि तिथल्या लोकांना, जास्त करून वयस्क बायकांना, हाडं मोडण्याचा आणि भयंकर दुखण्याचा जो आजार झाला त्याला लोक इताई-इताई म्हणायचे, म्हणजे आई गं, आई गं. दुखणं हाडात दिसत होतं पण मुळात नळीच्या पेशी मेल्या होत्या, कॅल्शियम-फॉस्फेट लघवीतून वाहून जात होतं. १९६८ साली जपान सरकारने कॅडमियमचं कारण मान्य केलं, तोवर कित्येकांचं आयुष्य गेलं होतं. हे लिहितानाही वाईट वाटतं.

तीन टेस्ट एकत्र करतात ते बरोबर आहे. लघवीतल्या कॅडमियमवरून अंगात साठा किती ते कळतं. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे छोटं प्रोटीन, गाळणीतून सहज पडतं आणि चांगली नळी ते सगळं परत ओढून घेते, तेव्हा ते लघवीत दिसलं म्हणजे नळीचं ओढणं कमी पडतंय. पण ॲसिड लघवीत ते मोडून जातं आणि खोटं नॉर्मल येऊ शकतं, तिथं एनएजी उपयोगी पडतं. अमेरिकेत कामगारांसाठी १९९२ साली जो कॅडमियमचा नियम आला त्यात क्रिएटिनिनच्या एका ग्रॅममागे कॅडमियम ३ मायक्रोग्रॅमच्या किंवा बीटा-२ हे ३०० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की कारवाई सुरू होते, तुमचे आकडे याच्या शेजारी ठेवून बघा म्हणजे अंदाज येईल.

तुमचं एनएजी थोडंच वाढलंय, तर आधी परत एकदा करा, कारण डायबेटिस आणि बीपीमुळेही ते वाढतं. पण दुसऱ्यांदाही वाढलेलं आलं आणि कॅडमियमही वर असेल तर त्या खात्यातून बदली मागा, लेखी मागा. बीटा-२ खूप वर गेल्यावर काम सोडलं तरी बऱ्याचदा नुकसान भरून येत नाही, आत्ता हातात वेळ आहे. आणि सिगारेट ओढत असाल तर ती आजच बंद, तंबाखूच्या धुरातही कॅडमियम असतं.

प्रश्न : मी फार्माकॉलॉजीची विद्यार्थिनी आहे. आमच्याकडे सगळे किम-१ आणि एनगॅल या किडनीची इजा दाखवणाऱ्या नव्या मार्करांबद्दल बोलतात, एनएजी जुनं झालं म्हणतात. खरंच एन्झाइमांचे दिवस गेले का?

उत्तर : नाही गं, गेले नाहीत. २००८ मधे अमेरिका आणि युरोपच्या औषध नियंत्रकांनी उंदरांवरच्या चाचण्यांसाठी लघवीतले सात मार्कर मान्य केले, त्यात किम-१, क्लस्टरिन, सिस्टॅटिन सी असे होते, एनएजी नव्हतं, तेव्हापासून हा समज पसरला असावा. पण २०१८ मधे अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकांनी, निरोगी माणसांवरच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचण्यांसाठी सहा मार्करांचा जो गट मान्य केला त्यात किम-१, एनगॅल, क्लस्टरिन, सिस्टॅटिन सी, ऑस्टिओपॉन्टिन यांच्या मांडीला मांडी लावून एनएजी आहे.

प्रत्येकाची खोड वेगळी. किम-१ चांगल्या पेशीत जवळजवळ नसतंच, इजा झाली की पेशी ते बनवते, म्हणून त्याची पाटी कोरी असते, हा मोठा फायदा. एनगॅल काही तासांत चढतं पण ते मुळात पांढऱ्या पेशींमधे सापडलेलं प्रोटीन, त्यामुळे लघवीत इन्फेक्शन असलं की फसवतं. एन्झाइमांचं मला आवडतं ते हे की पेशीचा कुठला भाग दुखावला ते सांगतात. कडेवरचे जीजीटी, अमिनोपेप्टिडेज आधी गळतात, आतली पिशवी फुटली की एनएजी, अल्फा जीएसटी दिसलं तर पहिल्या नळीतल्या पेशीच्या आतला रस सांडतोय आणि पाय जीएसटी दिसलं तर मार शेवटच्या नळीला. एनएजीचेही ए आणि बी असे दोन प्रकार आहेत, ए पेशी एरवीही बाहेर टाकत असते, बी पिशवीच्या भिंतीला चिकटलेला असतो, तो सुटला म्हणजे भिंत मोडली. प्रोजेक्ट करणार असशील तर एकूण एनएजीवर न थांबता बी चा वाटा मोज.

प्रश्न : आईला सिसप्लॅटिनची केमो चालू आहे. पहिल्या सायकलनंतर एनएजी खूप वाढलं होतं, दुसऱ्या सायकलनंतर तेवढं वाढलं नाही. किडनीला औषधाची सवय झाली असं समजायचं का?

उत्तर : तसं समजू नका ताई, निदान नुसत्या या एका आकड्यावरून तरी नाही. एन्झाइम कमी येण्याची दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही अगदी उलटी आहेत. एक, सलाईन नीट दिलं, पेशी सावरल्या, इजा खरंच कमी झाली. दुसरं, ज्या पेशी फुटून एन्झाइम सोडायच्या त्याच पहिल्या वेळेला गेल्या, आता सोडायला मागे उरल्यात कमी. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं.

कोणतं खरं ते बाकीच्या टेस्ट सांगतील. सिसप्लॅटिनमधे नळीला मार बसला की मॅग्नेशियम लघवीतून वाहून जातं, म्हणून रक्तातलं मॅग्नेशियम बघाच, ते घसरत असेल तर एनएजी कमी आलं म्हणून निवांत राहता येणार नाही. रक्तातली साखर नॉर्मल असताना लघवीत साखर दिसतेय का, लघवीतलं अल्फा-१ मायक्रोग्लोब्युलिन (बीटा-२ सारखंच छोटं प्रोटीन) वाढलंय का, आणि क्रिएटिनिन नॉर्मलच्या आत असलं तरी पहिल्या सायकलच्या आधीपेक्षा हळूहळू वर सरकतंय का, म्हणजे ०.६ चं ०.९ झालं असेल तर रिपोर्टवर ठळक काही येणार नाही पण ती दीडपट वाढ आहे, ती नजरेतून सुटू देऊ नका. या औषधाचा मार सायकलगणिक साठत जातो, म्हणून आकडा दर वेळी नॉर्मलशी नाही तर आईच्या स्वतःच्या जुन्या आकड्याशी ताडून बघायचा.

तिसऱ्या सायकलच्या आधीच्या दिवशी सकाळी दुसऱ्या लघवीचं सॅम्पल द्या, मग डोसनंतर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी, त्याच लॅबमधे, त्याच वेळेला. डॉक्टरांना आधी विचारून घ्या. एका वहीत तारीख, एनएजी, क्रिएटिनिन, मॅग्नेशियम, किती सलाईन दिलं आणि उलट्या किती झाल्या एवढं लिहा. उलट्या मुद्दाम लिहा, घरी आल्यावर दोन दिवस पाणी पोटात टिकत नसेल तर हॉस्पिटलमधे दिलेल्या सलाईनचा उपयोग तिथंच संपतो आणि हे डॉक्टरांना तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. ती वही घेऊनच पुढच्या वेळी जा, आणि मला आकडे पाठवलेत तर मीही बघेन.